सरन्यायाधीश पदावर असतानाच गेले, तर पुढचा कोण?

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या इतिहासात पदावर असताना निधन पावलेले सरन्यायाधीश दोनच. पहिले सरन्यायाधीश हरिलाल कणिया ६ नोव्हेंबर १९५१ रोजी गेले. सब्यसाची मुखर्जी यांचे निधन २५ सप्टेंबर १९९० रोजी लंडनमध्ये झाले. एरवी या पदाचा निरोप-समारंभ कधी होणार हे जन्मतारखेवरून वर्षानुवर्षे आधी ठाऊक असते. वयाची ६५ वर्षे पूर्ण झाली की कारकीर्द संपते आणि वारस कोण हेही बहुतेकांना आधीच माहीत असते. त्यामुळे सरन्यायाधीशांची निवड आपोआप होते, घटनेतच ‘सर्वांत ज्येष्ठ न्यायमूर्ती’ असे लिहून ठेवले आहे, अशी समजूत सुशिक्षितांमध्येही पक्की झाली आहे. ती खरी नाही. ती का खरी नाही आणि तरीही ज्येष्ठतेची प्रथा का जपायला हवी, हे या दोन मृत्यूंच्या आधाराने जितके स्पष्ट होते तितके नेहमीच्या निवृत्त्यांवरून होत नाही.

आधी घटनेचा मजकूर पाहू. सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुका अनुच्छेद १२४ खाली होतात. मूळ तरतुदीनुसार राष्ट्रपतींनी त्यांना आवश्यक वाटतील त्या न्यायमूर्तींशी सल्लामसलत करून नेमणूक करायची. इतर न्यायमूर्ती नेमताना सरन्यायाधीशांचा सल्ला घेणे बंधनकारक. खुद्द सरन्यायाधीश नेमताना मात्र अमुक एकाचाच सल्ला घ्या असे बंधन नाही, आणि ज्येष्ठतेचा तर उल्लेखही नाही. इतकेच काय, सरन्यायाधीशपदासाठी वेगळी पात्रताही सांगितलेली नाही. उच्च न्यायालयात पाच वर्षे न्यायमूर्ती असलेली किंवा दहा वर्षे वकिली केलेली व्यक्ती जशी सर्वोच्च न्यायालयात येऊ शकते, तशीच ती थेट सरन्यायाधीशही होऊ शकते. यावर कोणी म्हणेल की घटनाकारांना ज्येष्ठता अभिप्रेतच होती, लिहायचे तेवढे राहून गेले. पण अनुच्छेद ६० वाचला की हा युक्तिवाद टिकत नाही. राष्ट्रपतींना शपथ कोणी द्यायची? सरन्यायाधीशांनी, आणि ते नसतील तर सर्वोच्च न्यायालयातील उपलब्ध असलेल्या सर्वांत ज्येष्ठ न्यायमूर्तींनी. म्हणजे जिथे ज्येष्ठता हवी होती तिथे ती स्पष्ट शब्दांत लिहिली गेली. अनुच्छेद १२४ मध्ये ती नाही, आणि सरन्यायाधीशपद रिकामे झाल्यास तात्पुरती व्यवस्था सांगणाऱ्या अनुच्छेद १२६ मध्येही नाही. तिथे राष्ट्रपतींनी इतर न्यायमूर्तींपैकी एकाकडे काम सोपवावे, एवढेच म्हटले आहे.

दुसरा गैरसमज न्यायवृंदाविषयी, म्हणजे कॉलेजियमविषयी. सर्वोच्च न्यायालयात नवे न्यायमूर्ती कोण यावेत याची शिफारस न्यायवृंद करतो. पुढचा सरन्यायाधीश तो निवडत नाही. सरकार आणि न्यायालय यांच्यात ठरलेल्या लेखी कार्यपद्धतीप्रमाणे कायदामंत्री योग्य वेळी मावळत्या सरन्यायाधीशांकडे शिफारस मागतात. ती पंतप्रधानांकडे जाते आणि त्यांच्या सल्ल्यावरून राष्ट्रपती नेमणूक करतात. पदाला योग्य असलेल्या सर्वांत ज्येष्ठ न्यायमूर्तींनाच नेमावे, हे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या निकालात मांडले. त्याआधीची चार दशके ती निव्वळ प्रथा होती. ‘योग्य असलेल्या’ हे शब्द नजरेआड करू नयेत. ज्येष्ठाच्या योग्यतेबद्दल शंका असेल तर इतर न्यायमूर्तींशी सल्लामसलत करावी, असेही कार्यपद्धती सांगते. दार पूर्ण बंद नाही, किलकिले ठेवलेले आहे.

आता सरन्यायाधीशांचे पदावर असताना निधन झाले आहे अशी कल्पना करा. या साऱ्या रचनेचा पहिला टेकू, म्हणजे मावळत्या सरन्यायाधीशांची शिफारस, तिथेच निखळतो. न्यायालयाच्या वतीने बोलणारा माणूस उरत नाही, वेळ थोडा असतो आणि निर्णयाची सूत्रे मंत्रिमंडळाकडे जातात. न्यायालयाचे कामकाज ठप्प होईल ही भीती मात्र अनाठायी आहे. पद कितीही थोड्या काळासाठी रिकामे झाले तरी उपलब्ध असलेल्या सर्वांत ज्येष्ठ न्यायमूर्तींनी कार्यभार सांभाळावा, असे तीच कार्यपद्धती सांगते. अनुच्छेद १२६ चा वापर होण्यासाठी मृत्यूच घडावा लागतो असेही नाही. १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकिर हुसेन यांच्या निधनानंतर आणि व्ही. व्ही. गिरी यांच्या राजीनाम्यानंतर सरन्यायाधीश हिदायतुल्ला महिनाभर राष्ट्रपतींचे काम पाहत होते. तेव्हा न्यायमूर्ती जे. सी. शाह यांनी सरन्यायाधीशांचे काम केले. कामकाज चालू राहते. प्रश्न असतो तो कायम नेमणुकीचा, आणि तो १९५१ मध्ये पहिल्यांदाच उभा राहिला.

कणिया मुंबई उच्च न्यायालयातले. ब्रिटिश अमदानीत, १९४३ साली, ज्येष्ठ असूनही त्यांना डावलून लिओनार्ड स्टोन यांना मुंबईचे मुख्य न्यायाधीश केले गेले होते. त्यांच्या मृत्यूच्या वेळी सर्वोच्च न्यायालय दोन वर्षांचेही झालेले नव्हते आणि अनुसरावा असा पायंडाच नव्हता. ज्येष्ठताक्रमात पुढचे होते पतंजली शास्त्री. सरकारच्या मनात दुसरी नावे होती, ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड आणि मुंबईचे मुख्य न्यायाधीश छगला यांचा विचार झाला, पण न्यायमूर्तींनी राजीनाम्याची भाषा केल्यावर तो मागे पडला, अशी हकीकत त्या काळाच्या आठवणींत आणि नंतरच्या अभ्यासकांच्या लेखनात येते. तपशिलांबाबत त्यांत एकवाक्यता नाही, म्हणून त्यावर फार भार टाकू नये. सेटलवाडांनी तर तेव्हा वयाची ६५ वर्षे ओलांडलेलीच होती, त्यामुळे घटनेची वयोमर्यादाच त्यांच्या आड आली असती. निर्विवाद आहे ते एवढेच की ७ नोव्हेंबर १९५१ रोजी शास्त्री सरन्यायाधीश झाले. कोणत्याही कायद्याने भाग पाडलेले नसताना घेतलेल्या या निर्णयातून पुढच्या वीस-बावीस वर्षांची प्रथा आकाराला आली. तिला या काळात एकच अपवाद झाला, तोही प्रकृतीच्या कारणाने: १९६४ मध्ये आजारी असलेले न्यायमूर्ती जाफर इमाम यांच्याऐवजी प्र. बा. गजेंद्रगडकर सरन्यायाधीश झाले.

‘ज्येष्ठ’ म्हणजे वयाने मोठा, हा तिसरा गैरसमज. ज्येष्ठता मोजली जाते ती सर्वोच्च न्यायालयात रुजू झाल्यापासून, आणि एकाच दिवशी रुजू झालेल्यांमध्ये शपथेच्या क्रमावरून. दीपक मिश्रा आणि जे. चेलमेश्वर या दोघांनी १० ऑक्टोबर २०११ रोजी शपथ घेतली. मिश्रा यांनी आधी घेतली आणि २०१७ मध्ये सरन्यायाधीशपद त्यांच्याकडे गेले. पदावरील मृत्यूचा परिणाम किती दूरवर जातो हेही यावरूनच उलगडते. कणियांचा जन्म नोव्हेंबर १८९० चा, शास्त्रींचा जानेवारी १८८९ चा. वारस गेलेल्या सरन्यायाधीशांपेक्षा वयाने मोठा होता. कणिया नोव्हेंबर १९५५ पर्यंत पदावर राहिले असते. तोवर शास्त्रीच नव्हे, त्यांच्यानंतर सरन्यायाधीश झालेले मेहरचंद महाजनही निवृत्त झाले असते. १९९० मध्ये हेच पुन्हा घडले. मुखर्जी ३१ मे १९९२ पर्यंत राहिले असते, तर त्यांच्या जागी आलेले रंगनाथ मिश्रा नोव्हेंबर १९९१ मध्ये साधे न्यायमूर्ती म्हणूनच निवृत्त झाले असते, आणि २५ नोव्हेंबर ते १२ डिसेंबर १९९१ असे तीन आठवडेही पदावर नसलेले कमलनारायण सिंह सरन्यायाधीश झालेच नसते. त्यांच्यानंतर आले मधुकर कणिया, पहिल्या सरन्यायाधीशांचे पुतणे. मुखर्जी पूर्ण मुदत राहिले असते तरी पुढचा क्रम त्यांचाच होता. नवा सरन्यायाधीश आधीच्याची उरलेली मुदत भरून काढतो हा समजही इथेच निकालात निघतो. प्रत्येकाची मुदत स्वतःच्या पासष्टीपर्यंत.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो. देशाचा सरन्यायाधीश कोण हे जन्मतारीख, शपथेचा क्रम आणि मृत्यू यांच्या योगायोगाने ठरणार असेल, तर गुणवत्तेचे काय? आक्षेप नवा नाही आणि घेणारेही लहान नव्हते. सेटलवाडांच्याच अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालात म्हटले होते की सरन्यायाधीश चांगला न्यायमूर्ती असण्याबरोबरच सक्षम प्रशासकही हवा, म्हणून हे पद ज्येष्ठाला आपसूक मिळू नये. विचार म्हणून यात काहीच चूक नाही. पण तो अमलात कसा आला? २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला. संसदेला घटनेचा मूलभूत ढाचा बदलता येणार नाही, असे सात विरुद्ध सहा अशा बहुमताने ठरले. दुसऱ्याच दिवशी सरकारने शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघांना डावलून अजितनाथ राय यांचे नाव जाहीर केले. डावललेले तिघेही सरकारविरोधी बहुमतातले होते आणि राय अल्पमतातले. संसदेत समर्थन करताना मंत्री मोहन कुमारमंगलम यांनी आधार घेतला तो विधी आयोगाच्या त्याच अहवालाचा. सेटलवाडांनी या निर्णयाला कडाडून विरोध केला. तिघा न्यायमूर्तींनी राजीनामे दिले. जानेवारी १९७७ मध्ये हंसराज खन्ना यांना डावलून एम. एच. बेग आले. नऊच महिन्यांपूर्वी, आणीबाणीतल्या बंदीप्रत्यक्षीकरणाच्या खटल्यात, पाच जणांच्या पीठात खन्नांनी एकट्याने सरकारविरुद्ध मत दिले होते. गुणवत्तेच्या नावाखाली झालेल्या या दोन्ही निवडींत प्रत्यक्षात निकालांचा हिशेब चुकता केला गेला. उद्याचा सरन्यायाधीश सरकार निवडणार हे माहीत असेल, तर आज सरकारविरुद्ध निकाल लिहिताना ज्येष्ठ न्यायमूर्तीच्या मनात काय येईल, याचा विचार गुणवत्तेचा आग्रह धरणाऱ्यांनी करायला हवा.

प्रथेची परीक्षा दुसऱ्या बाजूनेही झाली आहे. १९७८ मध्ये ज्येष्ठताक्रमाने पाळी आली ती पुण्याच्या यशवंत विष्णू चंद्रचूड यांची. त्याच बंदीप्रत्यक्षीकरणाच्या खटल्यात त्यांनी सरकारच्या बाजूने मत दिलेले होते, आणि आता सत्तेवर होता तो जनता पक्ष, ज्याचे नेते त्याच काळात तुरुंगात होते. चंद्रचूडांना नेमू नये असे म्हणणाऱ्यांत मुंबईतले नामवंत विधिज्ञही होते, आणि त्यांचा राग समजण्यासारखा होता. तरी सरकारने क्रम मोडला नाही. याच चंद्रचूडांनी १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीचे कळीचे भाग रद्द ठरवणारा बहुमताचा निकाल लिहिला. एका निकालावरून न्यायमूर्तीची लायकी ठरवण्याचा अधिकार कोणत्याच सरकारच्या हाती नसावा, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

अमेरिकेचे उदाहरण आपल्याकडे सर्रास दिले जाते. तिथे सप्टेंबर २००५ मध्ये मुख्य न्यायाधीश विल्यम रेनक्विस्ट गेले. मधल्या काळात काम पाहिले ते सर्वांत ज्येष्ठ न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी, पण पद मिळाले पन्नास वर्षांच्या जॉन रॉबर्ट्स यांना, जे तोवर सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तीही नव्हते. मात्र तिथे सिनेटच्या समितीपुढे उघड उलटतपासणी होते आणि मग मतदान होते. रॉबर्ट्स ७८ विरुद्ध २२ मतांनी मंजूर झाले. शिवाय मुदत तहहयात. त्या रचनेतली राष्ट्राध्यक्षांची मोकळीक तेवढी उचलायची आणि तिच्यावरची उघड तपासणी मागे ठेवायची, हे चालणार नाही.

मग कोणी विचारेल, सरन्यायाधीशाचे मत इतर न्यायमूर्तींइतकेच एक, तर एवढी चिंता कशाला? मत एकच हे खरे आहे. तिहेरी तलाकच्या २०१७ च्या निकालात सरन्यायाधीश खेहर स्वतः अल्पमतात होते. पण कोणता खटला कोणत्या पीठापुढे जाईल, घटनापीठात कोण बसेल, हे सरन्यायाधीश ठरवतात. हा त्यांचा अधिकार न्यायालयाने २०१८ मध्ये पुन्हा उचलून धरला. निकालाआधीचा हा निर्णय कित्येकदा निकालाइतकाच मोलाचा असतो.

ज्येष्ठतेच्या नियमाचे दोष झाकण्याचे कारण नाही. क्रम शपथेच्या दिवशीच ठरत असल्यामुळे न्यायमूर्तीच्या शिफारशीवर सरकार किती महिने बसून राहते याला अवाजवी महत्त्व येते. हस्तक्षेपाची जागा नाहीशी होत नाही, अलीकडे सरकते. मुदतीही तुटपुंज्या मिळतात. उदय लळीत यांना २०२२ मध्ये ७४ दिवस मिळाले, आणि एवढ्यात न्यायालयाचा गाडा वळवता येत नाही. यावर उपाय आहेत. सरन्यायाधीशाला किमान ठरावीक मुदत देता येईल, शिफारशींवर निर्णय घेण्यासाठी सरकारला कालमर्यादा घालता येईल. आणि जी त्रुटी १९५१ मध्ये उघडी पडली आणि १९९० मध्येही तशीच होती, ती तर कार्यपद्धतीत एक कलम घालून बुजवता येईल: सरन्यायाधीशांचे पदावर असताना निधन झाल्यास कायम नेमणुकीची शिफारस न्यायालयातील पुढच्या चार ज्येष्ठ न्यायमूर्तींनी एकत्रितपणे, लेखी आणि ठरावीक दिवसांच्या आत करावी. ज्याची नेमणूक व्हायची तोच त्या चौघांत असेल, हा आक्षेप रास्त आहे. त्याने त्या चर्चेतून बाजूला व्हावे आणि उरलेल्या तिघांचे मत सरकारकडे जावे. आज निवृत्त होणारे सरन्यायाधीश एकट्याने जे करतात, त्यापेक्षा हे अधिक सुरक्षित ठरेल.