पांढरे डाग आणि हातमोज्यांची दोन वर्षं

2020 सालच्या जानेवारीत आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला मी हातमोजे घालून आले होते. मिशिगनची थंडी, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. पण हॉलमध्ये शिरल्यावरही मी ते काढले नाहीत. "एक्झिमा झालाय हाताला," असं सांगून तिळगूळही तसाच घेतला. एक्झिमा नव्हता. बोटांच्या टोकांवर, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीवर दुधासारखे पांढरे डाग आले होते. सरळ मराठीत, कोड. एवढा दोन अक्षरी शब्द लिहायला मला बराच काळ लागला.

त्याला कारण माझी आत्या. वाईच्या आमच्या घरात सतराव्या वर्षी तिला कोड आलं. लोणच्याच्या बरणीला तिनं हात लावायचा नाही, पाहुणे आले की तिनं आतच राहायचं, आणि लग्नाचा विषय कुणी काढायचा नाही. बावचीचं तेल चोपडून तिला गच्चीवर उन्हात बसवत. कातडीवर टरारून फोड येत. माझ्या लग्नात ती मागल्या खोलीत होती. ते आम्हा कुणालाच वावगं वाटलं नाही. मलासुद्धा नाही.

मी हिशेबनीस आहे, डॉक्टर नाही. पण गेल्या काही वर्षांत तज्ज्ञांकडून जे समजून घेतलं ते मला सुरुवातीलाच माहीत असतं, तर दोन वर्षं वाया गेली नसती.

आधी शब्दाचं पाहू. 'कोड' हा संस्कृत 'कुष्ठ'वरून आलेला शब्द. त्यात 'श्वेतकुष्ठ' या नावानं भर घातली, आणि दोन अगदी वेगळ्या आजारांची लोकांच्या मनात सरमिसळ झाली. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो, त्यात चट्ट्याची संवेदना जाते, आणि आज तो औषधांनी पूर्ण बरा होतो. (त्या रोग्यांशी तरी आपण कुठं धड वागलो?) कोडात जंतूच नाही. डागाला टाचणी टोचली तर ती नीट टोचते. शेजारी बसून, एका ताटात जेवून, कपडे वापरून, कशानंही ते एकाचं दुसऱ्याला होत नाही. जगात दर शंभर माणसांत अर्ध्यापासून दोन जणांना ते असतं, गोऱ्यांना आणि काळ्यांना सारखंच. आपल्या सावळ्या कातडीवर ते उठून दिसतं, इतकंच.

होतं काय, तर आपल्या त्वचेला रंग देणाऱ्या पेशी असतात. शरीराचं संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींतल्या काही चुकून या रंगपेशींनाच शत्रू समजतात आणि मारतात. पहारेकऱ्यानं घरच्याच माणसावर काठी उगारावी तसं. याच जातीची चूक थायरॉइडच्या ग्रंथीबाबतही होते, म्हणून कोड असलेल्यांत थायरॉइडचे विकार जास्त आढळतात. माझ्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत अंधाऱ्या खोलीत जांभळट उजेडाचा दिवा धरून डाग पाहिले (त्यात ते निळसर पांढरे चमकतात) आणि लगेच रक्ताची तपासणी सांगितली. माझा थायरॉइड खरंच मंदावलेला निघाला. वर्षभर जो थकवा मी वयावर ढकलत होते त्याचा उलगडा झाला.

ती भेट 2020 च्या सप्टेंबरातली. पहिला डाग 2018 च्या दिवाळीतला. मधल्या काळात मी काय केलं? आधी भारतातून कुणीतरी आणलेलं स्टेरॉइडचं मलम, विचारल्याशिवाय, महिनोन्महिने चेहऱ्यावर लावलं. त्यानं कातडी पातळ झाली. मग दही, लिंबू, मासे सोडले. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्यानं कोड येतं हे आपण सगळ्यांनीच ऐकलेलं. त्याला काहीही आधार नाही. तिसरा उपाय म्हणजे हातमोजे.

उशीर का नडतो ते सांगते. डाग नवा असताना त्यातल्या केसांच्या मुळांशी रंगपेशींचा साठा शिल्लक असतो. उपचारांनी रंग परत येतो तो तिथून, पांढऱ्यावर तपकिरी तीळ पेरल्यासारखा, आणि ते तीळ पसरत जाऊन एक होतात. डागातले केसही पांढरे झाले की साठा संपत आल्याची ती खूण. म्हणून चेहरा चांगली साथ देतो. बोटांची टोकं, जिथं केसच नाहीत, ती हट्टी.

उपचार बरेच आहेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोड्या मुदतीची स्टेरॉइडची मलमं, किंवा चेहऱ्यासाठी टॅक्रोलिमस. पसरलेल्या डागांना अतिनील किरणांतल्या 311 नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्याचा प्रकाश, आठवड्यातून दोनतीनदा. सहा महिने झाल्याशिवाय गुण आला की नाही हे ठरवू नये. गंमत म्हणजे आत्याच्या बावचीत तथ्य होतं. तिच्यातला सोरालेन हा घटक कातडीला प्रकाशाबाबत हळवी करतो, आणि इजिप्तमधल्या अशाच एका वनस्पतीवरून 1940 च्या दशकात आधुनिक प्रकाशोपचार सुरू झाले. पण मात्रा न मोजता, भर उन्हात? ते भाजणंच होतं. जुलै 2022 मध्ये अमेरिकेत रुक्सोलिटिनिबच्या मलमाला बारा वर्षांवरील रुग्णांसाठी मान्यता मिळाली. चाचण्यांत 24 आठवड्यांनी सुमारे 30 टक्के लोकांच्या चेहऱ्याचा तीनचतुर्थांश रंग परतला, वर्षभरानं जवळजवळ निम्म्यांचा. मात्र थांबवल्यावर डाग पुन्हा येऊ शकतात. डाग वर्षभर स्थिर असतील तर निरोगी त्वचेतल्या रंगपेशींचं रोपणही करता येतं. विमा कंपनीनं माझ्या प्रकाशोपचाराला 'सौंदर्यासाठी' म्हणून नकार दिला होता. डॉक्टरांचं पत्र जोडून अपील केल्यावर पैसे मिळाले. तेव्हा पहिल्या नकारावर गप्प बसू नका.

माझा चेहरा जवळजवळ पूर्ववत झाला. बोटं पांढरीच आहेत.

भगिनींसाठी दोन गोष्टी. कोड असलेल्यांना जिथं कातडीवर सतत दाब किंवा घर्षण असतं तिथं नवे डाग उमटू शकतात. परकराची नाडी कमरेला काचेल इतकी घट्ट बांधू नका. आणि टिकली. काही टिकल्यांच्या गोंदात रंगपेशींना मारणारं रसायन असतं. त्यानं कपाळावर नेमका टिकलीएवढा पांढरा गोल पडतो. आपण मुंबईहून पाकिटंच्या पाकिटं आणतो, म्हणून सांगते. असा गोल किंवा खाज दिसली तर टिकली त्याच दिवशी बंद करून कुंकू लावा.

आता तो प्रश्न, जो फोनवर हळू आवाजात विचारतात. "मुलांना होईल का?" आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण 5 ते 6 टक्के. हुबेहूब जुळ्या भावंडांतही, एकाला असताना दुसऱ्याला ते चारातल्या एकाहून कमी वेळा होतं. माझ्या मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला पडला की मी पहिल्या भेटीला लांब बाह्यांचं काही घालावं, हात मांडीवर ठेवावेत. मुलगी म्हणाली, "आई, तू चहा दे." मी दिला. मुलाच्या आईंनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग कप घेतला आणि विचारलं, "दुखतं का हो?" नाही, दुखत नाही.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी, स्वतःला कोड असताना, श्वेता असोसिएशन हा मदतगट उभा केला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा 2006 चा चित्रपटही याच विषयावरचा. तो मी आत्याला फोनवर सुचवला. ती 78 वर्षांची आहे. म्हणाली, "पाहिला. नायिका डॉक्टर आहे. आमच्या वेळी असं कुणी दाखवलं असतं, तर मी मॅट्रिकला नाव तरी घातलं असतं."

यंदा संक्रांतीला तिळगुळाचे लाडू वळायचं काम माझ्याकडे आहे. सकाळी दहापासून हॉलच्या स्वयंपाकघरात असेन. कुणाला आपला किंवा मुलाचा डाग दाखवायचा असेल तर तिथं या. दार लावून घेता येतं.