रुग्णाच्या समाचारास जातांना

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वडील बंधूंस पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठीं येथील, म्हणजे छत्रपति संभाजीनगरच्या, एका खाजगी रुग्णालयांत ठेविलें होतें. रिवाजाप्रमाणें आम्ही सहकुटुंब समाचारास गेलों आणि खुर्ची रिकामी नाहीं म्हणून थेट रोग्याच्या खाटेवर बसलों. तोंच परिचारिका म्हणाली, "काका, आधीं उठा आणि हात धुवा." आम्हांस राग आला. पस्तीस वर्षें मुलांचीं नखें तपासणाऱ्यानें हें ऐकून घ्यावें! पण चौथ्या दिवशीं जखमेंत पू झाला, नेहमींचीं औषधें चालेनात, तेव्हां तो राग कोठच्या कोठें गेला. पू प्रयोगशाळेंत पाठविला; तेथें जंतु वाढवून त्यांवर एकेक औषध लावून पाहतात. बहुतेक औषधें निष्प्रभ ठरलीं. अखेर एक लागू पडलें, आणि बंधु तीन आठवड्यांनीं घरीं आले. तो जंतु कोणाच्या हातून आला, हें कोण सांगणार?

पेनिसिलिन १९२८ सालीं शोधणाऱ्या फ्लेमिंगनें १९४५ च्या नोबेल व्याख्यानांतच बजाविलें होतें कीं, अपुरी मात्रा घेतल्यास जंतु औषधास सरावतील. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील डॉक्टरांनीं राखीव औषधांसही न जुमानणारे २४ जंतु-नमुने तपासल्याचें २०१० मध्यें प्रसिद्ध केलें. त्यांपैकीं २२ मध्यें औषध फोडून टाकणारें एक विकर सांपडलें. त्यास नवी दिल्लीचें नांव पडलें आहे. हें आपणांस भूषणावह नव्हे. ही विद्या एका जातीचा जंतु दुसऱ्या जातीच्या जंतूसही देतो. एका वर्गांतील मुलानें सोडविलेलें गणित शेजारच्या वर्गानें उतरून घ्यावें, तसेंच हें!

रुग्णालयांत तर औषधांचा मारा अखंड चालतो. दुबळे जंतु मरतात, चिवट तेवढे उरतात. जखमा व नळ्या त्यांस वाट देतात आणि आपले हात त्यांचें वाहन होतात. व्हिएन्नाच्या सेमेलवाइसनें १८४७ मध्यें वैद्यांस हात धुवावयास लाविले आणि बाळंतिणींचे मृत्यु झपाट्यानें घटले. तरी त्याच्या व्यवसायबंधूंना तें पटेना. आमच्या 'घाटी' रुग्णालयांत मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून रोगी येतात, आणि रोग्याच्या पाठोपाठ त्याचा गोतावळा येतो.

घरींही दोष आहेच. सासूबाईंची उरलेली गोळी सुनेच्या पडशावर द्यावयाची, ही काटकसर आमच्याही फडताळांत होती. पडसें विषाणूंचें, त्यावर ह्या गोळ्या चालतच नाहींत. पट्टीवर उभी तांबडी रेघ असेल तर ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून घेऊं नये, हें सरकारनें २०१६ मध्यें लोकांस सांगितलें. आम्हीं ती रेघ चष्मा लावून प्रथमच पाहिली.

हल्लीं आमच्या घरून समाचारास एकच माणूस जातें, आणि तेंही हात धुऊन. बाकीचे दूरध्वनीवर विचारपूस करितात. वहिनी म्हणतात, लोक काय म्हणतील? म्हणोत बापडे.