खर्च चांगला असेल. पण विचारला कोणास?

शहरांतील करदात्यांच्या तोंडीं म्युनिसिपालिटीविषयीं दोन तक्रारी नेहमींच्या झाल्या आहेत. पैसा खर्च होत नाहीं, ही पहिली. आणि पैसा भलत्याच ठिकाणीं खर्च होतो, ही दुसरी. गटार तुंबलें कीं पहिली ऐकूं येते. धडधाकट फरसबंदी उखडून तिच्या जागीं नवी बसूं लागली कीं दुसरी. दोन्ही तक्रारी खऱ्या असूं शकतात. परंतु त्या बहुधा काम होऊन गेल्यावर किंवा बिघडल्यावर उमटतात. काम ठरत असतां उमटत नाहींत. बैल गेला आणि झोपा केला, या म्हणीचें याहून चांगलें उदाहरण आमच्या नागरिक जीवनांत शोधूनही सांपडणार नाहीं. आमच्या मतें खरा प्रश्न तिसराच आहे. खर्च करण्यापूर्वीं तो कोणापुढें मांडला, कोणीं तपासला आणि कोणीं मंजूर केला? ज्या गांवांत हा प्रश्न विचारला जात नाहीं, तेथें चांगला खर्च कोणता व वाईट कोणता हें ओळखण्याचें साधनच नागरिकांच्या हातीं राहत नाहीं.

हा विषय काढण्यास तसें सबळ कारण आहे. २०२६ सालच्या १५ जानेवारीस मुंबई, पुणें, नागपूर, नाशिक यांसह महाराष्ट्रांतील २९ महानगरपालिकांसाठीं मतदान झालें. मुंबईच्या पूर्वीच्या सभागृहाची मुदत २०२२ च्या ७ मार्च रोजींच संपली होती. नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, कोल्हापूर व औरंगाबाद (आतांचें छत्रपति संभाजीनगर) येथें तर २०२० सालापासूनच लोकनियुक्त सभागृह उरलें नव्हतें. राज्यघटनेच्या २४३-यू या कलमाप्रमाणें सभागृहाची मुदत पांच वर्षांची, आणि ती संपण्यापूर्वीं निवडणूक पुरी झालीच पाहिजे. असें असतां आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयांत पडून राहिला, आणि सर्वोच्च न्यायालयानें ६ मे २०२५ रोजीं आदेश दिल्यावर निवडणुकांस चालना मिळाली. वाद कोणी लांबविला याची चर्चा येथें करावयाची नाहीं. मधल्या वर्षांत शहरांच्या तिजोऱ्यांचें काय झालें, हें पाहणें आम्हांस अधिक अगत्याचें वाटतें.

कायद्याची योजना अशी आहे, कीं अंदाजपत्रक आयुक्तांनीं मांडावें, स्थायी समितीनें तपासावें आणि सभागृहानें मंजूर करावें. मांडणारा एक, तपासणारा दुसरा, मंजूर करणारा तिसरा. मुंबईंत सभागृह संपल्यावर आयुक्त हेच प्रशासक झाले; म्हणजे मांडणारा, तपासणारा व मंजूर करणारा हे तिघेही एकाच खुर्चींत बसले. या अवस्थेंत मुंबईचें २०२३-२४ चें सुमारें ५२,६१९ कोटी रुपयांचें, २०२४-२५ चें सुमारें ५९,९५४ कोटींचें आणि २०२५-२६ चें सुमारें ७४,४२७ कोटींचें, अशीं तीन अंदाजपत्रकें एकाच्याच सहीनें पार पडलीं. हा खर्च वाईट होता असें आमचें म्हणणें नाहीं. रस्ते, पूल, सांडपाण्याचीं केंद्रें हीं शहरास हवींच आहेत. परंतु पेढीचा मुनीम कितीही सचोटीचा असला, तरी मालकास न विचारतां त्यानें मोठ्या रकमा उचलल्या, तर मालक त्यास एवढेंच म्हणतो, ‘काम चांगलें केलेंत, पण मला विचारावयास हवें होतें.’ येथें मालक म्हणजे करदाता. आणि मालकानेंच चार वर्षें हें वाक्य उच्चारलें नाहीं, याचें आम्हांस अधिक वाईट वाटतें.

मुंबईस हा अनुभव अगदींच नवा नाहीं. १८६५ च्या कायद्यानें शहराचा कारभार सरकारनें नेमलेल्या जस्टिस ऑफ दि पीस मंडळीच्या सभेकडे दिला, आणि प्रत्यक्ष अंमल एका म्युनिसिपल कमिशनराच्या हातीं ठेवला. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड हे मोठे कर्ते गृहस्थ होते. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाच्या व्यापारांत आलेली भरभराट त्याच साली कोसळली होती. तरीही त्यांनीं रस्ते, गटारें, सफाई आणि बाजार यांचीं कामें धडाक्यानें चालविलीं. त्यांच्या नांवानें ओळखला जाणारा बाजार १८६९ सालीं पुरा झाला. शहर खरोखरच पूर्वीपेक्षां स्वच्छ झालें. पण तिजोरी रिती होत चालली, कर वाढले, आणि १८७१ सालीं करदात्यांची मोठी चळवळ उभी राहून क्रॉफर्ड यांची कारकीर्द संपली.

या चळवळींत एका २६ वर्षांच्या बॅरिस्टरानें घेतलेली भूमिका आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. फिरोजशहा मेहता यांनीं त्याच १८७१ सालीं फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें म्युनिसिपल सुधारणेवर निबंध वाचला. श्रोते क्रॉफर्ड यांच्यावर संतापलेले होते. मेहतांनीं मात्र क्रॉफर्ड यांच्या कामाची बाजू उचलून धरली. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, कीं अंमलबजावणी एका जबाबदार माणसाच्या हातीं असणें हा दोष नव्हे. त्या माणसावर करदात्यांनीं निवडलेल्या सभेचा ताबा नसणें हा दोष आहे. सभेस तें त्या वेळीं रुचलें नाहीं. परंतु १८७२ चा कायदा झाला तेव्हां ६४ सभासदांच्या कॉर्पोरेशनांत ३२ सभासद करदात्यांनीं निवडावयाचे असें ठरलें. पुढें १८८८ चा कायदा आला, आणि तोच वेळोवेळीं दुरुस्त होऊन मुंबईच्या कारभाराचा पाया राहिला. म्हणजे मुंबईंत मताचा हक्क खर्चाच्या भांडणांतून जन्मास आला. ज्यांच्या खिशांतून पैसा जातो त्यांस विचारा, एवढेंच त्या हक्काचें मूळ आहे.

पुण्याचें उदाहरण याहूनही बोलकें आहे. जोतीराव फुले हे १८७६ ते १८८२ या काळांत पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद होते. १८८० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठीं एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव पुढें आला, तेव्हां त्याविरुद्ध मत देणारे सभासद एकटे जोतीराव निघाले. ती रक्कम गरिबांच्या शिक्षणाकडे लावावी असें त्यांचें म्हणणें होतें. पुढें मंडईच्या इमारतीसंबंधींही त्यांचा आक्षेप याच धर्तीचा होता. ठराव पास झाला, आणि १८८६ सालीं ‘रे मार्केट’ही उघडलें. काळाचा न्याय मात्र निराळा असतो. त्या मंडईस पुढें महात्मा फुले मंडई हें नांव मिळालें. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटासही महात्मा जोतिबा फुले मंडई हेंच नांव देण्यांत आलें. मंडई निरुपयोगी ठरली असें कोणी म्हणणार नाहीं. आणि जोतीरावांचा प्रश्न चुकीचा होता असेंही कोणी म्हणणार नाहीं. शहरास बांधणारा हवा. आणि ‘यापूर्वीं अधिक निकडीचें कांहीं राहिलें आहे काय?’ असें भर सभेंत उभें राहून विचारणाराही हवा. प्रशासकाच्या राज्यांत पहिला असूं शकतो. दुसऱ्यास तेथें बसावयास जागाच नसते.

आमच्या वाचकांत व्यापारीवर्ग मोठा आहे. त्यास येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. नाक्यावर जकात भरावी लागत होती तोंवर आपला पैसा म्युनिसिपालिटीच्या तिजोरींत जात आहे, हें व्यापाऱ्यास रोज दिसत होतें. बहुतेक शहरांत जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला, आणि तोही १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींहून कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांस माफ झाला. मुंबईची जकात वर्षास सुमारें सात हजार कोटींच्या घरांत होती. ती १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आल्यावर बंद पडली, आणि तिच्या जागीं राज्य सरकार भरपाई देऊं लागलें. नाक्यावरचा छळ संपला हें उत्तम झालें. आम्हांस जकात परत नको. परंतु कर दिसेनासा झाला, नाहींसा झाला नाहीं. तो मालाच्या किंमतींत मिसळून सरकारांत जातो आणि तेथून भरपाई म्हणून शहरांत परत येतो. परिणाम असा झाला, कीं म्युनिसिपालिटी दुकानदाराऐवजीं मंत्रालयाकडे तोंड करून बसूं लागली, आणि दुकानदारासही तो पैसा आपला वाटेनासा झाला. मुंबईंत १ जानेवारी २०२२ पासून पांचशें चौरस फुटांपर्यंतच्या घरांस मालमत्ता कर माफ झाला; त्या घरांतील माणसांनींही आपला प्रश्न विचारण्याचा हक्क माफ झाला असें समजूं नये. साबणाच्या वडीवर कर भरणारा प्रत्येकजण करदाताच आहे.

निवडून आलेले सभासद सभागृहांत बसले म्हणजे सर्व कांहीं सुरळीत होईल, असा भाबडा समज आमचा नाहीं. लोकनियुक्त सभागृहांचीं जुनीं दुखणीं आम्हांस ठाऊक आहेत. आयुक्तांनीं मांडलेल्या जमेंत स्थायी समितीनें कागदावरच भर घालावी, त्या भरीच्या जोरावर प्रभागांतील कामें वांटून घ्यावीं, आणि जमा न आली म्हणजे ठेकेदारांचीं बिलें पुढच्या सालावर ढकलावीं. हा प्रकार जेथें जेथें चालतो, तेथें तेथें शहराचें दिवाळें हळूहळू जवळ येतें. असा ताळेबंद करणाऱ्या पेढीस बाजारांत कोणी चार दिवसांची उधारी देणार नाहीं. बांकांवर आणि कमानींवर आपलें नांव कोरण्याची हौस, मार्च अखेर जवळ आली कीं निधि संपविण्याची घाई, हीं त्याच दुखण्याचीं बारीक लक्षणें होत. फरक एवढाच, कीं प्रशासकाची चूक लपून राहूं शकते. सभागृहाची चूक, कोणी पाहणारा असेल तर, उघड्यावर होते. पाहणारा नसेल तर दोन्ही सारख्याच.

तेव्हां पाहावयाचें कसें? कायदा नागरिकास वाटतो तितका निःशस्त्र ठेवीत नाहीं. १८८८ च्या कायद्याच्या ६१ व्या कलमांत कॉर्पोरेशनचीं बंधनकारक कर्तव्यें सांगितलीं आहेत, आणि ६३ व्या कलमांत ऐच्छिक. खर्चाची बाब समोर आली कीं पहिला प्रश्न हा करावा: ही बाब कोणत्या यादींतली, आणि पहिल्या यादींतलें पाणी, सफाई, गटार हें पुरतें झालें आहे काय? दुसरा प्रश्न: बांधून झाल्यावर दरसालच्या देखभालीचा पैसा कोठें धरला आहे? उद्घाटनाचा फलक एकदांच लागतो. झाडूवाला, वीज आणि दुरुस्ती यांचें बिल दर महिन्यास येतें. तिसरा प्रश्न: पैसा चालू जमेंतून येणार, ठेवी मोडून येणार कीं कर्जांतून? ऋण काढून सण करणाऱ्या गृहस्थास आपण नांवें ठेवितों. शहरास तरी निराळा न्याय कां लावावा? या प्रश्नांचीं उत्तरें मागण्यास २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचें ४ थें कलम आहे. त्याप्रमाणें नियोजित खर्च व अंदाजपत्रक कोणीं मागितल्यावांचूनच प्रसिद्ध करणें हें प्रत्येक सार्वजनिक संस्थेचें कर्तव्य आहे. तीन लाखांवर वस्तीच्या शहरांस घटनेनेंच प्रभाग समित्या सांगितल्या आहेत. २००९ सालीं महाराष्ट्राच्या कायद्यांत क्षेत्रसभेचीही तरतूद झाली. आपल्या मोहल्ल्याची क्षेत्रसभा कधीं भरली होती, हें वाचकांनीं आपल्या नगरसेवकास अवश्य विचारावें. पुण्यांत तर २००६ पासून नागरिकांनीं आपल्या भागांतील लहान कामें अंदाजपत्रकासाठीं सुचवावीं, अशी पद्धत सुरू झाली. रक्कम लहान, कामें किरकोळ. पण खर्चापूर्वीं विचारण्याचें तत्त्व त्यांत आहे, म्हणून आम्ही तिचें स्वागत करितों आणि इतर शहरांनीं ती उचलावी असें म्हणतों.

नव्या सभासदांकडेही आमचें एक मागणें आहे, आणि तें अवघड नाहीं. अंदाजपत्रक मराठींत, प्रभागवार, सामान्य माणसास कळेल अशा रीतीनें छापावें, आणि मंजुरीपूर्वीं निदान महिनाभर प्रत्येक प्रभाग कचेरींत तें पाहावयास ठेवावें. प्रशासकांच्या काळांत ठरलेलीं मोठीं कामें एकदां सभागृहापुढें घेऊन त्यांवर मोकळी चर्चा करावी. कामें रद्द करण्यासाठीं नव्हे. कोणतें काम कितपत झालें, किती पैसा गेला आणि किती जावयाचा आहे, हें करदात्यांस कळावें म्हणून. लेखापरीक्षणांत निघालेले आक्षेप आणि त्यांवर झालेली कारवाई हीं दोन्ही एकाच कागदावर शेजारीं शेजारीं छापावीं. म्हणजे कोणत्या आक्षेपाचें उत्तर कोरें राहिलें हें शाळकरी मुलासही दिसेल.

राहिला प्रश्न वेळेचा. आयुक्तांचा मसुदा फेब्रुवारीच्या आरंभीं येतो आणि ३१ मार्चच्या आंत मंजुरी व्हावी लागते. त्यांतल्या बाबी मात्र त्याआधींच, दिवाळीच्या सुमारास, खात्याखात्यांतून गोळा होऊं लागतात. हा योगायोग व्यापाऱ्यांस उत्तम आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं आपण नव्या वहीची पूजा करितों, जुनी खतावणी मिटवितों, येणें-देणें तपासतों. त्याच आठवड्यांत प्रत्येक पेठेंतील चार व्यापारी आणि चार रहिवासी यांनीं एकत्र बसून शहराची वहीही उघडावी. आपल्या पेठेसाठीं काय धरलें आहे, काय धरलें नाहीं, याची यादी करावी, आणि ती लेखी स्वरूपांत नगरसेवकाच्या हातीं देऊन तिची पोंच घ्यावी. लेखी मागणीचें उत्तर टाळणें जड जातें, एवढें वकिलीच्या अनुभवावरून आम्ही खात्रीनें सांगतों. फेब्रुवारींत ओरडण्यापेक्षां कार्तिकांत विचारणें स्वस्त पडतें. आणि जो विचारीत नाहीं, त्याच्या वतीनें खर्च करणारा कोणीतरी नेहमीं तयारच असतो.