त्वचेतून आकुंचक कंडराछेदन

त्वचेतून आकुंचक कंडराछेदन ही मधुमेही व्यक्तींच्या पायाच्या बोटांच्या टोकांवरील जुनाट व्रण भरून यावेत यासाठी केली जाणारी अल्पछेदी शस्त्रक्रिया आहे. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या ऊतीस कंडरा म्हणतात. बोटाला खाली वाकवणारी कंडरा सुईने किंवा अरुंद पात्याने छेदली, की बोट सरळ होते, टोकावरील दाब हटतो आणि व्रण भरू लागतो.

व्रणाचे कारण

दीर्घकाळच्या मधुमेहात चेतातंतूंची हानी होते. संवेदी चेतातंतू निकामी झाल्याने पाय बधिर होतो. प्रेरक चेतातंतूंच्या हानीमुळे पावलातील लहान स्नायू क्षीण होतात. पोटरीतून येणाऱ्या लांब कंडरांचा ओढा त्यांच्यावर मात करतो आणि बोटे नखीसारखी वाकतात. अशा बोटाचे टोक प्रत्येक पावलागणिक जमिनीवर दाबले जाते. तेथे प्रथम घट्टा पडतो, मग घट्ट्याखालील ऊती फाटून व्रण होतो. वेदना नसल्याने रुग्ण चालतच राहतो. त्यामुळे केवळ मलमपट्टी व प्रतिजैविके पुरेशी ठरत नाहीत. संसर्ग हाडापर्यंत पोहोचल्यास बोटाचे विच्छेदन करावे लागू शकते आणि त्यानंतर शेजारच्या बोटांवरील भार वाढतो.

बधिर पायातील व्रणांचे मूळ वारंवार पडणाऱ्या दाबात असते, हे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कुष्ठरुग्णांवर उपचार करताना दाखवून दिले. दाब कमी करण्यासाठी पायाला प्लास्टर घालण्याची पद्धत पुढे मधुमेही रुग्णांसाठीही वापरात आली. कंडराछेदनामागेही हेच तत्त्व आहे.

रुग्णाची निवड

बोट हाताने सरळ करता येत असेल, म्हणजेच सांधा आखडलेला नसेल, तर ही शस्त्रक्रिया उपयुक्त ठरते. मधुमेही पायाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत लवचीक विकृतीमुळे दुसऱ्या ते पाचव्या बोटावर झालेल्या व्रणासाठी तिची शिफारस आहे. त्याआधी रक्तपुरवठा तपासणे आवश्यक असते. मधुमेहात धमन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचल्याने घोट्याजवळचा रक्तदाब फसवा उच्च येऊ शकतो. म्हणून बोटातील रक्तदाबही मोजतात. रक्तपुरवठा अपुरा असल्यास आधी अँजिओप्लास्टी किंवा बायपासचा विचार करतात. पसरलेल्या संसर्गावरही प्रथम उपचार केले जातात.

पद्धत

ही शस्त्रक्रिया बाह्यरुग्ण विभागातही करता येते. बोटाला स्थानिक भूल देतात. पूर्ण बधिर बोटात तिची गरज भासेलच असे नाही. बोट वर ताणून धरले, की कंडरा ताठ होते. बोटाच्या खालच्या बाजूने सुई आत घालून तिच्या धारदार टोकाने कंडरा छेदतात. छेद इतका लहान असतो, की बहुधा टाके लागत नाहीत. व्रणाभोवतीचा घट्टा व मृत ऊती काढून पट्टी बांधतात. रुग्णाला साधारणतः त्याच दिवशी संरक्षक पादत्राण घालून चालता येते.

मर्यादा

भार शेजारच्या बोटावर सरकून तेथे नवा व्रण होऊ शकतो. संसर्ग होणे किंवा बोट जमिनीपासून किंचित वर उचललेले राहणे हेही संभवते. शस्त्रक्रियेने चेतातंतूंचा विकार बरा होत नाही. पाय बधिरच राहतो. म्हणून व्रण भरल्यावरही रोज तळवे व बोटांच्या फटी पाहणे, अनवाणी न चालणे, पादत्राण घालण्यापूर्वी आत खडा किंवा खिळा नाही याची खात्री करणे आणि रक्तशर्करा नियंत्रणात ठेवणे आवश्यक असते.

संबंधित शस्त्रक्रिया

चवड्याखालील व्रणांसाठी काही रुग्णांत टाचेमागील कंडरा, त्वचेवर छोटे छेद घेऊन, लांबवली जाते. त्यामुळे चवड्यावरील दाब घटतो. मात्र कंडरा प्रमाणाबाहेर लांबल्यास टाचेवर भार वाढून तेथे व्रण होण्याचा धोका असतो.