दिव्याचा झोत आणि रस्त्याची बाजू : ब्रिटनमधील डाव्या स्टिअरिंगच्या मोटारहोमांची तपासणी

युरोपच्या मुख्य भूमीवरील देशांत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. ब्रिटनमध्ये ती डाव्या बाजूने चालतात. झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली मोटारहोमे जर्मनीसारख्या देशांत मोठ्या संख्येने तयार होतात आणि त्यांपैकी काही खरेदी होऊन ब्रिटनमध्ये येतात. अशा वाहनाचे स्टिअरिंग डावीकडे असते. ते तसेच ठेवून वाहन चालविण्यास ब्रिटिश कायद्याची आडकाठी नाही. मात्र वार्षिक तपासणीच्या वेळी त्याचे पुढचे दिवे अडचणीचे ठरतात. या अडचणीचे स्वरूप काय, तपासणीचा नियम नेमके काय मागतो आणि काय मागत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम दिव्याची रचना ध्यानात घेतली पाहिजे. वाहनचालक ज्याला ‘डिपर’ म्हणतात, तो खाली वळविलेला झोत दोन परस्परविरोधी कामे करतो. समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे दिपू नयेत, हे पहिले काम. आपल्या चालकाला रस्ता व रस्त्याची कड दूरवर दिसावी, हे दुसरे. १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपात या दोहोंचा मेळ घालणारा असममित झोत रूढ झाला. भिंतीवर पाडला असता या झोताची वरची सीमा स्पष्ट दिसते. ज्या बाजूने समोरची वाहने येतात, त्या बाजूस ही सीमा आडवी व सपाट असते. मध्यापासून आपल्या कडेच्या बाजूस ती सुमारे १५ अंशांनी वर चढत जाते. या चढत्या कडेमुळे पादचारी, सायकलस्वार व रस्त्यालगतचे फलक अधिक अंतरावरून दिसतात.

उजव्या वाहतुकीसाठी केलेल्या दिव्याची चढती कड अर्थातच उजवीकडे असते. तोच दिवा डाव्या वाहतुकीच्या रस्त्यावर आला की, जी कड आपली बाजू उजळण्यासाठी योजली होती, ती समोरच्या चालकाच्या बाजूस उचलली जाते. साध्या भूमितीने हे पडताळता येते. दिवा जमिनीपासून ७५ सेंटिमीटर उंच असून झोताचा उतार १ टक्का आहे, आणि समोरच्या चालकाचा डोळा १.१ मीटर उंचीवर व दिव्याच्या रेषेपासून ३ मीटर उजवीकडे आहे, असे धरू. १५ अंशांच्या चढामुळे प्रकाशाची सीमा त्या जागी ८० सेंटिमीटर उचलली जाते; उतारामुळे ती दर १० मीटरांस १० सेंटिमीटर खाली येते. म्हणजे ५० मीटरांवर सीमेची उंची १.०५ मीटर, तर २५ मीटरांवर १.३० मीटर भरते. सारांश, सुमारे ४५ मीटरांपासून पुढे दोन्ही वाहने एकमेकांस ओलांडीपर्यंत समोरच्या चालकाचा डोळा थेट झोतात राहतो.

दिवा कोणत्या बाजूचा आहे, हे ओळखण्याची खूण दिव्याच्या काचेवरच असते. १९५८ च्या जिनीव्हा करारान्वये केलेल्या नियमांनुसार डाव्या वाहतुकीच्या दिव्यावर एक आडवा बाण असतो, आणि दिव्याकडे तोंड करून पाहणाऱ्यास तो उजवीकडे टोक केलेला दिसतो. दोन्ही प्रकारच्या वाहतुकीस जुळवून घेता येणाऱ्या दिव्यावरील बाणास दोन्हीकडे टोके असतात. बाण मुळीच नसेल, तर तो दिवा उजव्या वाहतुकीचा समजावा. भारतातही वाहतूक डावीकडून असल्याने आपल्याकडील आणि ब्रिटनमधील दिव्यांची चढती कड एकाच बाजूस असते.

ब्रिटनमधील रस्तायोग्यता तपासणी ‘एम्. ओ. टी.’ या नावाने ओळखली जाते. ती १९६० साली सुरू झाली. आरंभी दहा वर्षांहून जुन्या वाहनांपुरतीच असलेली ही सक्ती १९६१ मध्ये सात वर्षांवर आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर आणण्यात आली. ग्रेट ब्रिटनमध्ये मोटारहोमाची तपासणी, त्याचे वजन कितीही असले तरी, साध्या मोटारींच्या वर्गातच होते. तपासनीस वाहन सपाट जागेवर उभे करतो व भिंग आणि पडदा असलेल्या यंत्रावर डिपरची प्रतिमा पाहतो. स्टिअरिंग कोणत्या बाजूस आहे, हा प्रश्न या ठिकाणी उद्भवत नाही. प्रकाश कोठे पडतो, एवढेच पाहिले जाते. चढती कड उजवीकडे दिसली तर वाहन अनुत्तीर्ण होते.

झोताच्या उतारालाही मर्यादा आहेत. दिव्याचा मध्य जमिनीपासून ८५० मिलिमीटरांपर्यंत असेल, तर आडवी सीमा ०.५ ते २ टक्के उतारात असावी लागते. मध्य त्याहून उंच असेल, तर १.२५ ते २.७५ टक्क्यांत. हा भेद वरवर पाहता मनमानी वाटेल, पण त्यामागील हेतू हिशेबाने उघड होतो. ७५ सेंटिमीटर उंचीचा दिवा २ टक्के उताराने ३७.५ मीटरांवर जमिनीस पोहोचतो. १ मीटर उंचीचा दिवा २.७५ टक्के उताराने सुमारे ३६ मीटरांवर. दोहोंची किमान पोच जवळजवळ सारखीच राहते. उलट, १ मीटर उंचीच्या दिव्यास ०.५ टक्क्याची सवलत दिली असती, तर त्याचा झोत २०० मीटरांपर्यंत गेला असता आणि लहान मोटारीच्या चालकास त्याचा उपद्रव झाला असता. उंच बांधणीच्या मोटारहोमाच्या बाबतीत दिव्याची उंची आधी मोजणे यासाठीच अगत्याचे आहे.

मोटारहोमाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पाण्याची टाकी, सायकली व सामान यांचा भार बहुधा मागील धुरेवर व तिच्याही मागे पडतो. दोन धुरांमधील अंतर ४ मीटर असेल आणि मागची बाजू पुढच्या मानाने केवळ ४ सेंटिमीटर खाली बसली, तर वाहनाचे नाक १ टक्क्याने वर उचलले जाते. तपासणीच्या दिवशी रिकाम्या वाहनावर अचूक ठरलेला १ टक्क्याचा उतार प्रवासाच्या रात्री शून्यावर येतो. चालकाजवळ झोत खालीवर करण्याचा खटका दिलेला असतो, तो याच कारणासाठी.

आता उपायांकडे वळू. काही दिव्यांत बाजू बदलण्याची सोय मुळातच असते. एच-४ जातीच्या बल्बमध्ये डिपरच्या तंतूखाली धातूची एक लहान वाटी असते आणि तिचा विस्तार अर्धवर्तुळाहून १५ अंशांनी कमी असतो. या उणिवेतूनच चढती कड निर्माण होते. दिव्याच्या रचनेत तशी बैठक असेल, तर बल्ब १५ अंशांनी फिरविला असता कड दुसऱ्या बाजूस जाते. भिंगामागे पडदा असलेल्या काही दिव्यांत हेच काम लहानशा तरफेने होते. ज्या दिव्यात अशी सोय नाही, त्याच्या जागी डाव्या वाहतुकीचा दिवा बसवावा लागतो. मोटारहोम ज्या सांगाड्यावर बांधलेले असते, ते वाहन ब्रिटनमध्येही विकले जात असेल, तर असा दिवा सहज मिळतो. परंतु संपूर्ण पुढचा भाग मोटारहोमाच्या कारखानदारानेच घडविला असेल, तर दिवेही त्याच्या निवडीचे असतात आणि जोडीचा दिवा शोधणे कष्टाचे व खर्चाचे होते.

अशा वेळी मालक तिसरा मार्ग धरतो. दिव्याच्या काचेवर अपारदर्शक पट्टी किंवा प्रकाश वळविणारा पारदर्शक तुकडा चिकटवून उजवीकडची कड झाकली जाते. सागर ओलांडून काही आठवड्यांसाठी येणाऱ्या प्रवाशाकरिता हा उपाय निघाला. तपासणीतही तो ग्राह्य धरला जातो. अट एवढीच की, झोताची दिशा बिघडू नये, पट्टी घट्ट बसलेली असावी आणि प्रकाश अवाजवी कमी होऊ नये.

या सवलतीचे मोल नीट जोखले पाहिजे. डिपरच्या दोन कामांपैकी समोरच्याचे डोळे न दिपविणे हे पहिले काम पट्टी पार पाडते. कड उजळण्याचे दुसरे काम अपारदर्शक पट्टीने साधत नाही. उजवीकडची कड नाहीशी होते, पण डावीकडे नवी कड उत्पन्न होत नाही. ७५ सेंटिमीटर उंचीचा तोच दिवा व तोच १ टक्क्याचा उतार घेऊन ५० मीटरांवर, दिव्याच्या रेषेपासून २ मीटर डावीकडे उभ्या असलेल्या माणसाचा विचार करावा. योग्य दिव्याचा थेट प्रकाश त्याच्या अंगावर ७९ सेंटिमीटर उंचीपर्यंत पडेल; पट्टी लावलेल्या दिव्याचा केवळ २५ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे गुडघ्याच्याही खाली. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मध्ये ताशी ५० मैल, म्हणजे सुमारे ८० किलोमीटर वेगास थांबण्याचे एकूण अंतर ५३ मीटर दिले आहे. पदपथ नसलेल्या रस्त्यावर पादचाऱ्याने उजव्या बाजूने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालावे, असा सल्लाही त्याच पुस्तिकेत आहे. या सल्ल्याप्रमाणे चालणारा माणूस वाहनचालकाच्या डाव्या हातास, म्हणजे पट्टी लावलेल्या दिव्याने न उजळलेल्या कडेलाच असतो.

यावरून नियम सदोष आहे, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. तपासणी ही वाहनाने गाठावयाची किमान पातळी ठरविते, आणि दुसऱ्यास होणारा उपद्रव टाळणे हे त्या पातळीचे पहिले अंग आहे. पाहुण्या वाहनास दिलेली सवलत वर्षानुवर्षे तेथेच नांदणाऱ्या वाहनाने वापरली, तर प्रमाणपत्र मिळते. मात्र प्रमाणपत्र मिळाले म्हणजे दिवा त्या रस्त्यास योग्य झाला, असे होत नाही. म्हणून कायमच्या वास्तव्यासाठी आणलेल्या मोटारहोमाची खरेदी ठरविण्यापूर्वीच काचेवरील बाण पाहावा, दिव्याच्या मध्याची उंची मोजावी आणि डाव्या वाहतुकीचा दिवा उपलब्ध आहे की नाही याची चौकशी करावी. त्या दिव्याचा खर्च वाहनाच्या किमतीतच धरला पाहिजे.