गाठ विरते, मूळ उरतं

धारवाडलगतच्या केलगेरीहून एका वाचक बाईंनी विचारलंय: बहिणीची अंडाशयातली गाठ केमोनं गेली, रिपोर्टही चांगले आले, मग कॅन्सर परतला कुठून?

तिकडच्या काळ्या रानात हरळी खणणाऱ्याला हे कोडं पडणार नाही. वरून कितीही कापा, जमिनीत काशा उरल्या की पावसाबरोबर हरळी हजर. कॅन्सरच्या गाठीतही सगळ्या पेशी सारख्या नसतात. बहुतेक थोडं वाढून थांबतात. मोजक्याच, मूळपेशींसारख्या, स्वतः टिकून बाकीचा सगळा गोतावळा पुन्हा उभा करतात. रक्ताच्या कॅन्सरमध्ये त्या टोरांटोच्या जॉन डिक यांनी १९९०च्या दशकात दाखवल्या.

अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये मात्र हे काम आपल्या पुण्यात झालं. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या डॉ. शर्मिला बापट आणि सहकाऱ्यांनी एका रुग्णाच्या पोटात साठलेल्या पाण्यातून पेशींचे वेगवेगळे वंश वाढवले. त्यांतला एकच गाठ धरणारा निघाला. अभ्यास चालू असताना आणखी एक वंश प्रयोगशाळेतच आपोआप बिघडून गाठ धरणारा झाला! (असा योग मागून मिळत नाही.) उंदरांमध्ये या पेशींनी माणसातल्यासारख्याच गाठी धरल्या, आणि एका उंदरातून दुसऱ्यात नेत राहिलं तरी जोर ओसरला नाही. हे २००५ साली प्रसिद्ध झालं. मराठी लेखांत डिक भेटतात, बापट क्वचितच.

केमोचा मारा मुख्यतः भराभर विभागणाऱ्या पेशींवर असतो. मूळपेशींसारख्या या मोजक्या पेशी मात्र पुष्कळदा निवांत पडून असतात, शिवाय औषध बाहेर फेकणारे पंप बाळगतात. मग त्याच मारल्या की झालं? इथं हरळीची उपमा थकते. साधी पेशीही प्रसंगी मूळपेशीसारखी वागू लागते, म्हणून 'मुळावरच घाव' अशा मथळ्यांवर माझा फारसा भरवसा नाही.

निरोगी मूळपेशी मात्र खरोखरच उपचार ठरल्या आहेत. १९८३ साली टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या एका मुलीला तिच्या भावाची, रक्ताच्या मूळपेशी असलेली अस्थिमज्जा दिली; देशातलं हे पहिलं यशस्वी अस्थिमज्जा-प्रत्यारोपण. दात्याच्या पेशी नवं रक्त तर घडवतातच, उरल्यासुरल्या कॅन्सरवरही चालून जातात. परक्या असतात म्हणूनच.

त्यामुळे बाळाच्या नाळेतलं रक्त, त्यातल्या मूळपेशींसाठी, त्याच्याच पुढच्या आजारासाठी साठवा, ही जाहिरात मला पटत नाही. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये पहिला बिघाड पुष्कळदा जन्माआधीच झालेला असतो. साठवलेल्या रक्तातही तो असू शकतो. स्वतःसाठी अशा साठवणुकीला शास्त्रीय आधार नाही, हे आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. घरात आजारी भावंडाला गरज असेल, तर गोष्ट वेगळी.