पडवीतील परदेशी मोटार : साफसफाई आणि नोंदणी

पेडणे तालुक्याच्या पूर्व टोकाला, दोडामार्गच्या हद्दीजवळ वसलेल्या इब्रामपूरसारख्या गावी परदेशी मोटारीचा विषय काहीसा अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु १९६१ पूर्वीच्या गोव्यात अशा मोटारी आणणे शेजारच्या भारतीय प्रदेशापेक्षा पुष्कळच सुलभ होते. युरोपीय बनावटीच्या गाड्या येथे टॅक्सी म्हणूनदेखील धावत. पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याची उजवी बाजू स्वीकारली, तरी गोव्यातील वाहतूक डाव्या बाजूनेच चालत राहिली. त्यामुळे मुक्तीनंतर तो प्रश्न उद्भवला नाही. त्या काळातील एखादी मोटार, क्वचित दोन आसनांची कापडी टपाची स्पोर्ट्स कार, अजूनही कुणाच्या पडवीत किंवा गोठ्यालगत उभी असते. भंगारवाला लोखंडाचा भाव सांगतो आणि वारस ती देऊन मोकळे होतात. अशा गाडीला कायद्याने आता दुसरीही वाट ठेवली आहे, याची माहिती पुष्कळांना नसते.

केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली, खासगी वापरातील दुचाकी व चारचाकी वाहने, आयात केलेलीसुद्धा, या व्याख्येत येतात. अट मात्र महत्त्वाची आहे : वाहन मूळ स्वरूपात असले पाहिजे, चॅसी, बॉडी अथवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. अनेक जुन्या गाड्यांना पुढे इंधनाची बचत म्हणून डिझेल इंजिन बसविले गेले. त्या वेळी तो व्यवहारी विचार होता; आज नेमका तोच आडवा येतो. मूळ इंजिन माळ्यावर किंवा गॅरेजच्या कोपऱ्यात पडून असल्यास ते आधी शोधावे.

साफसफाईचा प्रारंभ पाण्याच्या नळीने करू नये व इंजिनही लगेच सुरू करू नये. पेडण्याच्या पावसात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत लोखंड, ओल आणि हवा यांचा संयोग सर्वत्र झालेला असतो. सिलिंडरच्या आत पिस्टन चिकटलेले असण्याची शक्यता असते. म्हणून प्लग काढून त्या छिद्रांतून थोडे तेल सोडावे, एकदोन दिवस मुरू द्यावे आणि नंतर इंजिन हातानेच हळूहळू फिरवून पाहावे. टाकीतील जुन्या पेट्रोलचा राळेसारखा चिकट थर बनलेला असतो. टाकी उतरवून धुणे व कार्बोरेटर उघडणे याला पर्याय नाही. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते आणि जुन्या रबरी नळ्या व पडदे त्यापुढे टिकत नाहीत, तेव्हा ते सरसकट बदलावेत. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते, त्यामुळे चाकांजवळचे ब्रेक सिलिंडर गंजून अडकतात. जुन्या ब्रेक-पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असते. त्यांची धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी. उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत की नाहीत हे पाहिल्याखेरीज बॅटरी जोडणे म्हणजे आगीला आमंत्रण होय.

स्पोर्ट्स कारची बांधणी जमिनीलगत असते. तांबड्या मातीचा चिखल तिच्या तळपट्टीला धरून राहतो व पत्रा आतून खातो. तारांच्या चाकांतील प्रत्येक तार बोटाने वाजवून पाहावी. बद्द वाजणारी तार सैल किंवा तुटलेली समजावी.

सर्वांत अधिक जपावयाचे ते चॅसी व इंजिन यांवरील ठोकीव क्रमांक. हौशी कारागीर गंज काढण्याच्या भरात ग्राइंडर फिरवितो आणि अंक पुसट होतात. नोंदणीसाठी चॅसी क्रमांकाचा पेन्सिलीने घासून घेतलेला ठसा लागतो. क्रमांक संशयास्पद दिसला तर चकाकणारा रंग काहीच कामाचा नाही. तो भाग रॉकेल आणि मऊ ब्रश यांनीच स्वच्छ करावा, त्यावर पुट्टी भरू नये. सफाईपूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवल्यास मूळ रंग व सुटे भाग दाखविणे सोपे जाते.

कागदपत्रांची सफाई अधिक कष्टाची असते. अर्ज नमुना २० मध्ये करावयाचा असून त्यासोबत विमा, शुल्क, आयात वाहनासाठी सीमाशुल्काचे ‘बिल ऑफ एंट्री’ आणि भारतात आधी नोंदलेल्या वाहनासाठी जुने नोंदणीपत्र लागते. पोर्तुगीज अमदानीत आलेल्या गाडीपाशी भारतीय सीमाशुल्काचा कागद असण्याचा प्रश्नच नाही. म्हणून मुक्तीनंतरचे नोंदणीपत्र हाच मुख्य दुवा. पोर्तुगीज भाषेतील जुने कागदही फेकू नयेत, कारण पन्नास वर्षांची मोजणी प्रथम नोंदणीपासून होते. नोंदणीपत्र आजोबांच्या नावे असेल तर वारसाने नमुना ३१ मध्ये हस्तांतराचा अर्ज करावा लागतो. गाडी दोडामार्गच्या नातलगांकडून आली असेल, तर सिंधुदुर्गच्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र प्रथम मिळवावे. नदीपलीकडचे गाव शेजारचे असले तरी राज्य दुसरे आहे.

राज्याने नेमलेली समिती वाहनाची तपासणी करते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते. पुनर्नोंदणीस ५,००० रुपये पडतात व तिची मुदत पाच वर्षे असते. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. या पाटीची गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. बाजारहाट किंवा प्रवासी भाडे यांसाठी नव्हे. ती विकता येते, मात्र विक्रीची खबर नव्वद दिवसांत द्यावी लागते.

परदेशी नोकरी करणाऱ्या आप्तांना आपली अलीकडची वापरलेली मोटार गावी आणावयाची असल्यास हे नियम लागू नाहीत. तशी गाडी निर्मितीपासून तीन वर्षांहून जुनी चालत नाही, तिचे सुकाणू उजव्या बाजूस असावे लागते आणि ती मुंबई बंदरातूनच उतरविता येते. गाडी जहाजावर चढविण्यापूर्वीच ही चौकशी करावी.